तुक्कु जावा, लोखंड राहावं

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. शेजारच्या काकू सकाळी विरजण मागायला परसदारी आल्या आणि म्हणाल्या, "आज चिंचेचं सार केलंय वाटतं! काय वास सुटलाय!" सार नव्हतं. प्लॅस्टिकच्या बादलीत चिंचेचा कोळ होता आणि त्यात फियाट गाडीच्या दाराच्या दोन बिजागऱ्या, मूठभर बोल्ट आणि जॅकचा दांडा बुडवून ठेवला होता. काकूंनी बादलीत वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विरजण न घेताच परत गेल्या. प्राध्यापक माणसाचं डोकं फिरलं, अशी बातमी त्या दिवशी गल्लीत नक्की फिरली असणार.

वाचकहो, डोकं फिरलं नव्हतं. कारण होतं ते आमच्या अप्पांची गाडी.

अप्पांनी 1984 मध्ये प्रीमियर पद्मिनी घेतली. आदल्याच वर्षी डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली होती आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तिचंच नाव होतं. अप्पा मात्र म्हणाले, "गाडी म्हणजे फियाट." इटलीच्या फियाट 1100 वरून मुंबईच्या प्रीमियर कंपनीनं बांधलेली ही गाडी. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या बाजूला गिअरची दांडी, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे कमानपाटे. कागदावर नाव पद्मिनी, पण आमच्या बेळगावात ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. दर भाऊबीजेला अप्पा ती घेऊन खानापूर तालुक्यात आत्याच्या गावी जायचे. आम्ही मुलं मागच्या सीटवर, आणि आईच्या मांडीवर करंज्यांचा डबा.

आई गेली आणि अप्पांनी गाडीची किल्ली देवघराच्या कपाटात ठेवून दिली. चार पावसाळे गाडी शेडखाली उभी राहिली. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. भिंतीला ओल येते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे लोखंडाचं काय होणार? गाडीला गंज चढत गेला आणि अप्पांचं बोलणं कमी कमी होत गेलं. गेल्या गणपतीत मात्र ते एकाएकी म्हणाले, "यंदा भाऊबीजेला अक्काकडे आपल्या गाडीनं जाऊ या." अक्का म्हणजे आमची आत्या. वय शहाऐंशी. अप्पा एक्याऐंशीचे. अशा वाक्याला नाही म्हणता येत नाही.

मेस्त्रींना बोलावलं. आमचे मेस्त्री मराठी, कन्नड आणि दख्खनी या तिन्ही भाषांत एकाच वेळी गाडी दुरुस्त करतात. त्यांनी खाली झोपून, टॉर्च मारून पाहिलं आणि यादी सांगितली. मागचे दोन ब्रेक ड्रम, चाकांचे नट, दाराच्या बिजागऱ्या, मागचा बंपर, जॅक आणि स्टिअरिंगचा एक टाय रॉड. "नवीन कुठं मिळणार सर? कंपनीच राहिली नाही. गुजरीत बघा."

खरं होतं ते. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीलाच थांबलं. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीसुद्धा 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. आता या गाडीचे सुटे भाग मिळायचे ते दुसऱ्या मेलेल्या गाडीच्या अंगावरूनच.

म्हणून मी गुजरीत गेलो. आता इथं एक गंमत सांगतो. कन्नडमध्ये गुजरी म्हणजे भंगार, आणि आपण बेळगावकर मराठी बोलतानाही हाच शब्द वापरतो. त्या दिवशी कोल्हापूरहून माझ्या बहिणीचा फोन आला. सौ.नं सांगितलं, "तुमचे दादा गुजरीत गेलेत." कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफकट्टा! बहीण हर्षभरित. "वहिनी, काय घेताय? पाटल्या की तोडे?" सौ. म्हणाली, "जॅक आणि बंपर." पलीकडे बराच वेळ शांतता होती म्हणे.

गोणीभर सामान घरी आलं. त्यात काही गोव्याकडच्या गाडीचं होतं, ते हात लावताच कळलं. खाऱ्या हवेत राहिलेल्या लोखंडाचे पापुद्रे सुटत होते. आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मला यामागचं कारण समजावून सांगितलं. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू हे तिघे एकत्र आले की गंज तयार होतो, आणि मीठ असलं की त्याला वेग येतो. ॲल्युमिनियमवरही हवेनं थर बसतो, पण तो घट्ट असतो आणि आतल्या धातूला राखतो. गंजाचं तसं नाही. तो फुगतो, भुसभुशीत होतो, सुटून पडतो, आणि खालचं नवं लोखंड पुन्हा हवेला उघडं पडतं. म्हणून गंज थांबत नाही, खात जातो.

पहिल्या दिवशी मी उत्साहानं थेट तारेचा ब्रश घेऊन बसलो. तासाभरात हात भरून आले आणि बिजागरी होती तशीच. ते पाहणाऱ्या दोन व्यक्ती व्हरांड्यात होत्या. एक अप्पा, आणि दुसऱ्या माझ्या सासूबाई. त्या धारवाडहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या होत्या. या दोघांचं नातं मोठं अदबीचं. वीस वर्षांत "जेवलात का" आणि "ऊट आतेनरी" यापलीकडे बोलणं गेलं नव्हतं. सासूबाईंना मराठी कळतं, पण बोलायचा संकोच. अप्पांना कन्नड येतं, पण ते बाजारापुरतं.

सासूबाई अचानक म्हणाल्या, "बीगर, हुणसीहण्णु हाकि नोड्री." म्हणजे, व्याहीबुवा, चिंच घालून पाहा. अप्पा माझ्याकडे वळले. "ऐकलंस का? विहीणबाई बरोबर सांगतायत. तुझी आई हंडा कशानं घासायची?"

चिंच ताब्या-पितळेसाठी, एवढंच मला ठाऊक होतं. पण आंबटपणाचं काम सगळीकडे सारखंच. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक, व्हिनेगरमध्ये ॲसेटिक. ही आम्लं गंज विरघळवतात आणि लोखंडावरची त्याची पकड सैल करतात. त्या दिवसापासून आमचं परसदार म्हणजे कारखाना झाला. महिनाभर चुकतमाकत जे शिकलो ते तुमच्यासाठी क्रमानं लिहितो. गाडी नसली तरी घरात विळी, कोयता, नळाचा पाना, सायकल यांपैकी काहीतरी असतंच.

सगळ्यात आधी तेलकटपणा काढायचा. जुन्या भागांवर ग्रीस आणि धूळ यांचा काळा लेप असतो. त्यातून आम्ल आत शिरत नाही. पूर्वी आपण यासाठी रॉकेल, म्हणजे चिमणी एण्णी, वापरायचो. आता ते सहज मिळत नाही. थोडं डिझेल आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो. मग धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यानं धुवून घ्यायचं. हे काम उघड्यावर, चुलीपासून आणि उदबत्तीपासूनही लांब करायचं. वापरलेलं डिझेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. डब्यात साठवा आणि गॅरेजवाल्याला द्या. त्यांचं जळकं तेल नेणारे लोक असतात.

दुसरी पायरी घासण्याची. सुटा गंज आधी तारेच्या ब्रशानं पाडला की पुढचं काम निम्मं होतं. बारीक कोपऱ्यांसाठी नारळाची काथ्या आणि चाळलेली राख ही आजीच्या काळातली जोडी अजूनही उत्तम. बंपरसारख्या क्रोमच्या भागावर मात्र तारेचा ब्रश लावायचा नाही, चरे पडतात. तिथे डबा बांधायची चांदीसारखी ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हातानं चोळायची. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यानं चरे पडत नाहीत आणि गंजाचे ठिपके निघतात. आमचा बंपर असा उजळला की अप्पांनी त्यात पाहून मिशा विंचरल्या.

तिसरी पायरी भिजवण्याची. चिंच चालते, पण वेळ लागतो आणि अख्खा ड्रम बुडवायला चिंच घ्यायची तर दसऱ्याचा बाजार थांबवावा लागेल. त्यापेक्षा पांढरं व्हिनेगर बरं. त्यात साधारण चार-पाच टक्के ॲसेटिक आम्ल असतं. भाग पूर्ण बुडेल इतकं घ्यायचं आणि रात्रभर ठेवायचं. अर्धवट बुडवला तर पाण्याच्या रेषेवर डाग उमटतो. सगळ्यात सोयीचं मला वाटलं ते किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व. लिटरभर कोमट पाण्याला पन्नासेक ग्रॅम घातलं की दोन-चार तासांत फरक दिसतो. कोलाची बाटली ओतायचा सल्ला भाच्यानं दिला. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं हे खरं, पण अगदी थोडं. आणि साखरेमुळे परसदारी मुंग्यांची जत्रा भरते ती वेगळीच.

चौथी पायरी बहुतेक जण विसरतात, आणि तिथेच सगळं फुकट जातं. भाग आम्लातून काढल्यावर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवायचा, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. मग स्वच्छ पाण्यानं धुवून लगेच कोरडा करायचा. लगेच म्हणजे लगेच. मी पहिल्यांदा बिजागऱ्या धुवून चहा प्यायला गेलो. परत येतो तो त्यांच्यावर केशरी झाक! उघडं लोखंड ओलं राहिलं की काही मिनिटांत पुन्हा गंजू लागतं. ऊन नसेल तर केस वाळवायचं यंत्र वापरा, सौ.ची परवानगी घेऊन. कोरडं झालं की फिरत्या भागांना मशीनचं किंवा इंजिनचं तेल, आणि उघड्या भागांना रेड ऑक्साइडचा हात. गोडं तेल गाडीच्या भागांना लावू नका, ते पुढे चिकट होऊन बसतं.

आता जे करू नये तेही सांगतो, कारण त्यातलं काही मी केलं आहे.

संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. गंज झटकन जातो, पण त्या वाफांनी डोळे-घसा जळतो आणि खोलीतली बाकीची हत्यारंसुद्धा गंजतात. कुठलंही आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरिनचा विषारी वायू निघतो. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. ॲल्युमिनियमचे भाग धुण्याच्या सोड्यात घालू नका, सोडा त्यांनाच खातो. कार्बोरेटर, बेअरिंग, रबर आणि ब्रेकचे लायनर आम्लापासून दूर ठेवा. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट तर आम्लात मुळीच नकोत. आम्लाच्या क्रियेत निघणारा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. जुन्या ब्रेक ड्रममधली धूळ फुंकायची नाही, वाऱ्यानं उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसाला घातक. ड्रम ओला करूनच पुसायचा. पेट्रोलच्या टाकीला घरी हात लावायचाच नाही.

माझी चूक झाली ती नटांच्या बाबतीत. शुक्रवारी संध्याकाळी चाकांचे आठ नट व्हिनेगरमध्ये टाकले आणि परीक्षेच्या कामात विसरलो. मंगळवारी पाहतो तर नट काळेभोर, एकही ठिपका गंज नाही. मी खूष होऊन मेस्त्रींकडे घेऊन गेलो. त्यांनी एक नट बोल्टवर चढवला तर तो बोटानं सरकन फिरत गेला आणि ओढला तर खडखड हलला. गंज संपल्यावर आम्ल थांबत नाही, लोखंड खाऊ लागतं. नटाचे आटे गेले होते. मेस्त्रींनी आठही नट भंगाराच्या डब्यात टाकले. "सर, तुक्कु होगबेकु, कब्बिण उळीबेकु." गंज जावा, लोखंड राहावं. एवढं बोलून ते दुसऱ्या गाडीखाली गेले.

नवे नट विकत आणले. पण ते वाक्य घेऊन घरी आलो.

त्यानंतर रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मला लोखंड न खाणारी एक पद्धत दाखवली. प्लॅस्टिकच्या टबात दहा लिटर पाणी, त्यात साधारण तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा. गाडीची बॅटरी चार्ज करायचा जुना 12 व्होल्टचा चार्जर घ्यायचा. त्याचं ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला जोडायचं. दोन्ही पाण्यात, पण एकमेकांना न चिकटता. बुडबुडे येऊ लागतात, पट्टी झिजत जाते आणि भागावरचा गंज काळा, भुसभुशीत होऊन सुटतो. खालचं लोखंड जसंच्या तसं राहतं. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून हे उघड्या अंगणातच करायचं, ठिणगी किंवा काडी जवळ आणायची नाही. पट्टी स्टेनलेस स्टीलची घ्यायची नाही, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. जस्ताचा मुलामा असलेली पट्टीही नको. आणि चार्जरचं बटण बंद केल्याशिवाय पाण्यात हात नाही. ब्रेकचे दोन्ही ड्रम असे निघाले. मेस्त्रींनी ते आतून मोजून पाहिले, लेथवर किंचित घासून घेतले आणि मान हलवली. मेस्त्रींनी मान हलवणं म्हणजे आमच्याकडे विद्यापीठाची पदवी.

या सगळ्या उद्योगात घरात एक वेगळीच गोष्ट घडत होती. अप्पा सकाळी सात वाजता परसदारी खुर्ची टाकून बसू लागले. मांडीवर जुनं पोतं, हातात काथ्या. एकेक बोल्ट घासून उजवीकडच्या ताटात ठेवायचे. पलीकडे सासूबाई हिरवा चष्मा लावून चिंचेची शिरं काढत बसायच्या. अप्पा विचारायचे, "गंजाला काय म्हणता तुम्ही?" "तुक्कु." "आणि लोखंडाला?" "कब्बिण." मग त्या विचारायच्या, "काथ्या अंद्र?" असं करत बोल्टांवरून गोष्ट हंड्यांवर गेली, हंड्यांवरून लग्नांवर आणि लग्नांवरून आईवर. आई गेल्यापासून अप्पांच्या तोंडून तिचं नाव मी क्वचितच ऐकलं होतं. एक दिवस मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहून ऐकत होतो. अप्पा मोडक्या कन्नडमध्ये सांगत होते की गाडी घेतली त्या दिवशी तिनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि तो डाग मी कधीच पुसू दिला नाही. सासूबाई "हौद्री, हौद्री" म्हणत होत्या. मी तिथून हललो नाही.

आता राहिला होता टाय रॉड. भाऊबीजेला दहा दिवस उरले होते. हा दांडा पुढची चाकं वळवतो. गुजरीतला दांडा पापुद्र्यांनी भरलेला होता, पण सोड्याच्या टबातून असा निघाला की मीच चकित झालो. राखाडी, गुळगुळीत, टोकाचे आटे स्वच्छ. अप्पांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "नवाच की रे." त्याच रात्री त्यांनी आत्याला फोन केला. "अक्का, येतोय. आपल्या गाडीनं."

दुसऱ्या दिवशी अप्पांना घेऊनच मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी दांडा उन्हात धरून फिरवला. आट्यांच्या मुळाशी सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे होते, ते त्यांनी नखानं चाचपले. मग दांडा डिझेलमध्ये बुडवून ठेवला. पाव तासानं काढून फडक्यानं अगदी कोरडा पुसला आणि मला म्हणाले, "सर, खिशात खडू आहे का?" प्राध्यापकाच्या खिशात खडू नसेल तर काय असेल? त्यांनी खडू आट्यांच्या भोवती घासून पांढरा लेप दिला. "बसा, चहा घ्या."

चहा संपेपर्यंत पांढऱ्यावर काही नव्हतं. मग हळूहळू एक रेघ उमटली. केसाइतकी, ओली, दांड्याला अर्ध्यापर्यंत वळसा घालणारी. भेगेत शिरलेलं डिझेल खडू शोषून घेत होता. मेस्त्री म्हणाले, "रेघ आली तर भाग गेला. नाही आली तरी चांगलाच आहे असं नाही, पण आली तर नक्की गेला."

मी अप्पांकडे पाहिलं. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं होतं, की जायचं तर पंचवीस-तीस किलोमीटर, सावकाश नेऊ, परत आल्यावर बदलू. मी तसं अर्धं वाक्य बोललोसुद्धा. अप्पांनी ते पुरं होऊ दिलं नाही. "गाडी शेडमध्ये थांबली तरी चालेल. वळणावर थांबायला नको. मागच्या सीटवर पोरं बसतात." मग मेस्त्रींना म्हणाले, "हा टाका. नवा शोधा. मला घाई नाही." एक्याऐंशीव्या वर्षी माणूस "मला घाई नाही" म्हणतो तेव्हा त्याला काय सोडावं लागतं, हे ऐकणाऱ्यालाच कळतं.

मेस्त्री पुढे बोलले ते प्रत्येक गाडीवाल्यानं लिहून ठेवावं. बंपर, बिजागरी, जॅकचा दांडा, व्हील कप हे भाग घरी खुशाल साफ करा. बिघडलं तर गाडी वाईट दिसेल, एवढंच. पण स्टिअरिंग, ब्रेक आणि चाक धरून ठेवणारा कुठलाही भाग साफ करणं हे त्याला तपासण्यासाठी असतं, पास करण्यासाठी नव्हे. गंज काढल्यावर खाली काय उरलं ते जाणकारानं पाहायचं. ड्रम पास झाले, कारण ते मोजता आले. दांडा नापास झाला. दोन्ही सारखेच चमकत होते.

भाऊबीजेला आम्ही माझ्या साध्या गाडीनं गेलो. अप्पा पुढे बसले, मागे सौ., मुलं आणि या वेळी सासूबाईही. आत्या अंगणात उभी होती. "अरे, तुझी फियाट कुठाय?" अप्पा म्हणाले, "तिला तुक्कु लागलाय. औषधपाणी चालू आहे." आत्याला काही कळलं नाही, सासूबाई मात्र पदर तोंडाला लावून हसल्या.

ओवाळणी झाली. विडा करायला आत्यानं अडकित्ता काढला. माझ्या आजीचा, म्हणजे अप्पांच्या आईचा. पात्याला लाल गंज, बिजागरीपाशी घट्ट धरलेला. आत्या म्हणाली, "हा आता चालत नाही, उगीच ठेवलाय." अप्पांनी तो हातात घेतला, उजेडात धरला, मेस्त्रींसारखा नखानं चाचपला आणि म्हणाले, "अक्का, चिंच आहे घरात?"

दुपारभर दोन म्हातारी भावंडं आणि एक विहीणबाई पडवीत बसून अडकित्ता घासत होती. चिंच, मीठ, मग राख, मग कढत पाणी, मग उन्हात वाळवणं. तोंडात जाणारी वस्तू म्हणून शेवटी मशीनचं नव्हे, खोबरेल तेलाचं बोट. संध्याकाळी आत्यानं त्यानंच सुपारी कातरली.

आमच्या गाडीचा टाय रॉड पुण्याच्या एका जुन्या दुकानदाराकडे निघाला, डब्यातला, कधीच न वापरलेला. मेस्त्रींनी तो बसवला, चाकांची अलाइनमेंट केली आणि आधी स्वतः एकटे गाडी फिरवून आणली. संक्रांतीला अप्पांना घेऊन आत्याकडे जाऊन आलो. तिळगूळ देऊन झाल्यावर आत्या गाडीभोवती एकदा फिरली आणि बॉनेटवरच्या त्या फिकट स्वस्तिकावर तिनं नवं कुंकू लावलं. त्याच्या कडेनं थोडा गंज आला आहे. तो तेवढा आम्ही तसाच ठेवलाय.

भेगेचा दांडा मी शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवला आहे, आट्यांवरच्या खडूसकट. गुजरीवाला मागत होता, दिला नाही. त्यानं पुन्हा कुणाला तरी विकला असता.